कुंड्यांखालची घसरखुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी घसरखुर्ची. आहे म्हणावं की होते म्हणावं, ते तुम्हीच शेवटी ठरवा. साधी लाकडी खुर्ची, पायांखाली दोन लांब पोलादी पट्ट्या आणि पाठीमागे धरायला आडवी मूठ. एकाने बसायचं. दुसऱ्याने मागे उभं राहून एक पाय पट्टीवर ठेवायचा आणि दुसऱ्या पायाने बर्फाला रेटा द्यायचा. फिनलंडमधल्या आमच्या तळ्याकाठच्या गावात पूर्वी घरटी एक तरी घसरखुर्ची असायचीच.

मला विल्होने घडवलं. त्याची बायको हिल्का तेव्हा गरोदर होती आणि सुईणीचं घर लांब होतं. मुलगा झाला, तौनो. त्याच्या पाठीवर एस्को. मी दूध वाहिलं, पीठ वाहिलं, गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरायला निघालेल्यांचं सामान वाहिलं. उतारावर दोघे भाऊ मला सोडून देत आणि "सरका, सरका!" ओरडत थेट तळ्यावर येत. लोक विल्होला म्हणत, "खुर्ची नव्हे, हरणी आहे!" तेव्हा माझ्या पट्ट्या आणखीच चमकत.

पण माझं खरं काम नाताळच्या आदल्या दिवशी असे. सकाळी दुधात शिजलेली भाताची खीर, तीत एकच बदाम. ज्याच्या वाटीत येईल त्याचं वर्ष चांगलं. दुपारीच अंधारून येई. मग हिल्का मेणबत्त्यांची टोपली मांडीवर घेऊन बसे आणि विल्हो मला दफनभूमीकडे नेई. त्या संध्याकाळी आमच्याकडे प्रत्येक थडग्यावर दिवा लागतो. तो लावून आल्यावरच भाजलेलं हॅम कापायचं, आलुबुखाराचा मुरंबा भरलेल्या, चांदणीच्या आकाराच्या करंज्या वाढायच्या.

तौनो मोठा झाला, जहाजावर गेला आणि समुद्राने त्याला परत दिलं नाही. ज्यांची माती दूर राहिली, त्यांच्यासाठी दफनभूमीच्या कोपऱ्यात एक क्रूस असतो. हिल्काची पहिली मेणबत्ती तिथे लागू लागली. तो तिचा नेम झाला. ताप असो, वादळ असो, तिने तो मोडला नाही. पुढे विल्हो गेला. त्याच्या थडग्यावर एस्को दिवा लावी, पण त्या क्रूसाकडे फिरकत नसे. तौनो निघाला त्या दिवशी दोघे भाऊ भांडले होते. कशावरून, ते कुणालाच आठवत नाही.

मग घरी मोटार आली. घसरू नये म्हणून रस्त्यांवर वाळू पडू लागली आणि वाळूवर माझं काही चालेना. मी लाकडांच्या खोपटात गेले. एस्कोची बायको पिर्को हिने मला बाहेर काढलं, लाल रंग दिला आणि अंगणात ठेवून माझ्यावर फुलांच्या कुंड्या मांडल्या. येणारे-जाणारे म्हणत, "किती गोड!" माझे फोटो काढत. पिर्को मनापासून पाणी घाली. ते झिरपून माझ्या सांध्यांत मुरत होतं. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं, मित्रांनो.

गेल्या नाताळच्या आदल्या दिवशी पहाटेपासून बर्फ कोसळत होता. फाटकापाशी ढीग साचला. हिल्काआजीचं हृदय थकलं होतं. पुढचा नाताळ आपल्याला नाही, हे तिला कळून चुकलं होतं. ती कोट घालून दारात उभी राहिली.

"आई, उद्या जाऊ," एस्को म्हणाला. "मोटार निघत नाहीये."

"उद्या नाही चालत. दिवा आज लागतो."

"अगं, देव काय घड्याळ घेऊन बसलाय?"

"देव नसेल. तौनो बसलाय."

स्वयंपाकघरातून पिर्को ओरडली, "हॅम वाळून चाललंय आणि मायलेकांचं काय चाललंय! चर्चला गेलेल्यांच्या पावलांनी रस्त्यावरचा बर्फ दबलाय, वाळूही नाही. ती लाल खुर्ची घ्या की!"

"ती शोभेची झालीय गं."

"मीही झालेच की," हिल्काआजी म्हणाली. "काढ दोन्ही शोभेच्या वस्तू बाहेर."

कुंड्या उतरल्या. किती वर्षांनी माझ्या पट्ट्यांखाली बर्फ करकरला! एस्को धापा टाकत रेटत होता. दफनभूमीची भिंत दिसू लागली, तिच्यापलीकडे दिव्यांचा उजेड. तिथे चढ आहे. एस्कोने जोर लावला आणि माझा मागचा पाय सांध्यातून निखळला. आतलं लाकूड भुसभुशीत झालं होतं. लाल रंग मात्र अजून चकाकत होता.

एस्कोने आईला सावरलं. "पाठीवर ये."

"नको रे, छाती दाबली की श्वास कोंडतो. तू जा."

"मी?" तो खाली बघू लागला. "मी काय बोलू त्याच्याशी?"

"काडी ओढायची आणि उभं राहायचं. बोलायला कोण सांगतंय तुला?"

तो टोपली घेऊन गेला. ती माझ्यावर कलंडून बसली होती. तिची थरथर माझ्या पाठीला जाणवत होती. तिला कुशीत घ्यायला माझ्याकडे हात नव्हते.

एस्को परतला तेव्हा त्याच्या पापण्यांवर बर्फ होता.

"लागली?"

"दोनदा विझली. मग टोपी आडवी धरली. लागली, आई. ती बघ, कोपऱ्यात."

हिल्काआजीने मान वर केली. डोळ्यांत मोतीबिंदू. तिची नजर भलतीकडेच गेली, जिथे नुसतं झाडांचं काळं रान होतं.

"दिसली," ती म्हणाली.

एस्कोने तिचं तोंड वळवलं नाही. नुसता तिच्याजवळ गुडघे टेकून बसला. चर्चमधून परतणाऱ्यांनी मग तिला हातांच्या पाळण्यात बसवून घरी नेलं. मी त्या रात्री रस्त्यावरच राहिले, दुसऱ्या दिवशी एस्कोने ओढून आणलं. तळं वितळायच्या आत हिल्काआजी गेली.

आता मी खोपटात जळणाशेजारी पडून आहे. मला चुलीत घालायचं धाडस कुणाला होत नाही आणि दुरुस्त करावं असंही कुणाला वाटत नाही. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी थकलेलं माणूस कुठेतरी न्या म्हणत असेल, तर "उद्या" म्हणण्याआधी एकदा त्याच्या तोंडाकडे बघा. आणि माझ्यासारखी एखादी वस्तू असेल, तर तिला नुसतं सजवू नका, तिच्याकडून काम घेत राहा. भिंतीपासून त्या क्रूसापर्यंत अंतर फार नव्हतं. तेवढंच माझ्याकडून राहून गेलं.