चौथं चाक

कुंभारीचा नवनाथ म्हणजे जन्माचा काळजीखोर. घराला कुलूप लावून चार पावलं गेला की परत येणार, कुलूप ओढून बघणार, आणि वर बायकोला विचारणार, लागलंय ना गं? गावानं टिंगल केली तरी चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात त्याच्या या स्वभावाचं चीज झालं. तिथं तो अकरा वर्षांपासून फिटर होता आणि तिथलीच एक शिस्त त्याच्या अंगात भिनली होती. नट पुरता आवळला की त्यावर लाल ऑइलपेंटचा ठिपका द्यायचा. ठिपका असला तर नट आवळलेला, नसला तर राहिलेला. मग घरी आल्यावर अमका नट आवळला का तमका, असा भुंगा डोक्याला लागत नाही. अकरा वर्षं त्याला झोप त्या ठिपक्यांनीच दिली म्हणा ना.

आता अशा माणसानं जुनी जीप घेऊ नये. पण घेतली, आणि तीही बायकोसाठी.

त्याची बायको रेश्मा वळसंगच्या पलीकडच्या वस्त्यांवरचं दूध गोळा करून डेअरीला घालायची. त्यासाठी एक छोटा टेम्पो होता. यंदा पावसानं असा कहर केला की काळ्या रानातल्या वाटांचा नुसता गारा झाला. टेम्पो रुतायचा, ट्रॅक्टर येऊन ओढेपर्यंत दूध नासायचं. असं तीनदा झाल्यावर डेअरीवाल्यानं स्पष्ट सांगितलं, दसऱ्यापासून दूध वेळेवर येत असेल तर ठीक, नाहीतर ती लाइन दुसऱ्याला देतो. रेश्मानं पाच वर्षं उन्हातान्हात हिंडून एकेक वस्ती जोडली होती. ती दोन दिवस नीट जेवली नाही.

मैंदर्गीच्या सिद्धारामच्या आवारात एक जीप चिंचेखाली सडत उभी होती. चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी. सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. सिद्धारामनं ती भंगाराच्या भावात दिली आणि गेली एकदाची ब्याद म्हणून हात झटकले. नवनाथनं ती ओढत अंगणात आणली आणि दोन महिने शिफ्ट सुटली की तिच्याखाली पडून राहिला. पुढच्या चाकांना जोर देणारा लिव्हर गंजून बसला होता, तो सोडवला. धक्के सोसणाऱ्या कमानीत एकेक जादा पाटा घालून गाडी वीतभर उचलली. सायलेन्सर पाण्याच्या वर येईल असा वळवला. मागं कॅन बांधायला कठडा वेल्ड केला आणि शेवटी खोल नक्षीचे रुंद टायर आणले.

जीप सुधारत गेली तशी त्याची काळजी वाढत गेली. गाडी उंच झाली, आता कलंडली तर? टायर मोठे झाले, नटांवर ताण जास्त येणार, तो सोसला नाही तर? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते काही खोटं नाही. रेश्मा मात्र हरखून गेली होती. उंच सीटवर बसून तिनं जुन्याच चाकांवर अंगणातल्या अंगणात गाडी मागंपुढं घेतली, चिखलातून काढून दाखवली आणि हसत म्हणाली की आता डेअरीवाल्यालाच म्हणावं, चल वस्तीवर.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी नव्या टायरची चाकं बसवणं तेवढं उरलं होतं. नवनाथनं तीन चाकं बसवली, एकेक नट अंगचा जोर लावून आवळला आणि पाच-पाच ठिपके दिले. चौथं, म्हणजे पुढचं डावं चाक चढवून त्याचे नट नुसते हातानं फिरवले, जॅक उतरवला. तेवढ्यात त्याची आई, बजाबाई, पूजेचं ताट घेऊन दारात उभी. हत्यारं दे म्हणाली, पूजेची वेळ टळतीय. नवनाथ म्हणाला, पाच मिनिटं. आता खंडेनवमीला पाच मिनिटं मागणारा मुलगा बजाबाईच्या घरात जन्मायचा होता. तिनं पाना त्याच्या हातातून काढूनच घेतला. हातोडी, पकडी, जॅक, चाकाचा पाना, सगळं पाटावर मांडलं, फुलं वाहिली. एकदा पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईस्तोवर उचलायचं नाही, हा त्या घरातला कायदा. उद्या उचलल्यावर आवळू, असं मनाशी घोकत नवनाथ दुपारपाळीला कामावर गेला.

दसऱ्याला सकाळी तो उठला तेव्हा रेश्मा झेंडूची माळ बॉनेटला बांधून निघायच्या तयारीत होती. पहिलाच दिवस, उशीर नको. नवनाथला एकदम चौथ्या चाकाची आठवण झाली. तो तसाच अनवाणी धावत गेला, गाडीभोवती फिरला, वाकून बघितलं. चारही चाकांना पाच-पाच लाल ठिपके. चौथ्यालाही.

तो घुटमळला. पाना तर आईनं हातातून घेतला होता. का त्याच्या आधीच आवळलं होतं? माणसाचं डोकं काय, फसवतं. कुलूप लावूनही लावलं नाही असं त्याला रोजच वाटायचं, आणि रोज ते लागलेलंच असायचं. ठिपका मात्र अकरा वर्षांत कधी खोटं बोलला नव्हता. रेश्मानं विचारलं, काय झालं? काही नाही, हळू जा, असं तो म्हणाला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हेही बजावलं. जीप धूर सोडत अक्कलकोट रोडला लागली.

तासाभरानं पूजा झाली आणि बजाबाईनं हत्यारं उचलायला परवानगी दिली. चाकाच्या पान्यावर कुंकवाचं बोट होतं. ते पुसत नवनाथ मोटारसायकलजवळ आला आणि थबकला. मोटारसायकलच्या चाकाच्या नटावर लाल ठिपका होता. तिथं त्यानं जन्मात कधी ठिपका दिला नव्हता. त्यानं बोट लावलं. बोट लाल झालं.

"आई, जीपच्या चाकाला कुंकू लावलंस का तू?"

बजाबाई कौतुकानं सांगू लागली. काल तू कामावर गेल्यावर बघितलं, तर तीन चाकांना लावलेलं आणि एकाला नाही.

"सणाच्या दिवशी एक चाक बोडकं ठिवत्यात व्हय रं? मग भिजवून लावलं की पाच बोटं, तू लावल्यावानीच."

नवनाथनं रेश्माला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. ती कशी उचलेल? उचलू नको म्हणून बजावणारा हाच शहाणा. पाना आणि जॅक पिशवीत कोंबून त्यानं मोटारसायकलला किक मारली. आई मागून विचारत होती, अरे झालं काय? त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही.

रस्त्यानं सणाची माणसं. कुणी ट्रॅक्टरला हार घालून चाललेलं, कुणी आपट्याच्या फांद्या सायकलला बांधून. नवनाथला त्यातलं काही दिसत नव्हतं. पुढं दोन माणसं जमलेली दिसली की त्याला जीप उलटलीच असं वाटायचं. जवळ गेल्यावर कळायचं, फुलांचा सौदा चाललाय. मग तो स्वतःला शिव्या घालायचा आणि पुढच्या घोळक्याला पुन्हा तसाच घाबरायचा. उंच गाडी, रुंद टायर, हातानं फिरवलेले पाच नट. कितव्या किलोमीटरला पहिला नट गळून पडतो, कितव्याला दुसरा, हा हिशेब त्याच्या फिटरच्या डोक्यात आपोआप चालू झाला होता आणि तो काही केल्या थांबेना. देवा, तिला काही होऊ देऊ नको, जीप जळाली तरी चालेल, असं तो हेल्मेटच्या आत मोठ्यानं बोलत होता.

वळसंगला येडूचं चहाचं हॉटेल होतं. रेश्मा तिथं रोज थांबायची. नवनाथनं गाडीवरूनच विचारलं. येडू म्हणाला, आत्ताच गेल्या की, अर्धा तास झाला असंल. थांबल्या हुत्या जरा. खाली उतरून चाकाकडं बघत हुत्या.

"कुठल्या चाकाकडं?"

"पुढच्या. डाव्या."

नवनाथला हायसं वाटलं. म्हणजे तिला कळलंय. चाक हलतंय हे तिच्या ध्यानात आलंय. रेश्मा चाणाक्ष बाई, गाडी बाजूला घेऊन बसली असेल कुठंतरी. पण मग ती इथंच का नाही थांबली? कळूनही पुढं कशी गेली? येडूला विचारण्यात अर्थ नव्हता. जेवढं हायसं वाटलं होतं त्याच्या दुप्पट भीती परत आली आणि त्यानं गाडी पिळली.

वस्तीकडं जाणारी कच्ची वाट तुरीच्या रानातून होती. चिखलात रुंद टायरची ताजी नक्षी उमटलेली. नवनाथ त्या खुणेवर डोळा ठेवून चालला होता. डाव्या बाजूची खूण वेडीवाकडी व्हायला लागली. मग ती खूण संपलीच आणि तिच्या जागी चिखलात खोल चर सुरू झाला.

त्याला आधी चाक दिसलं. तुरी मोडत लांबवर जाऊन ते आडवं पडलं होतं. मग जीप, वाटेखालच्या पाण्याच्या चारीत नाक खुपसलेली, मागचं उजवं चाक हवेत. रिकामे कॅन रानभर विखुरलेले. मोटारसायकल तशीच टाकून तो धावला, चिखलात पडला, उठला.

रेश्मा बांधावर होती. जिवंत होती. तिच्या पदराचा अर्धा भाग फाडलेला होता आणि त्या चिंधीनं ती एका म्हातारीचं डोकं बांधत होती. म्हातारीचा एक हात मांडीवर लुळा पडला होता. चिंधीतून रक्त पाझरत होतं. ही पुढच्या वस्तीवरची निंगव्वा, चार शेरांचं दूध घालणारी. नवनाथ गुडघ्यावर बसला आणि त्यानं रेश्माचे दोन्ही खांदे धरले. तुला लागलं का, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. तिनं नाही म्हणून मान हलवली. गाठ तिनं नीट मारली. मग हळू आवाजात, जणू कुणी दुसऱ्यानंच केलेली गोष्ट सांगावी तशी, ती बोलली.

"वळसंगच्या अलीकडनंच गाडी डावीकडं वडत हुती. निंगव्वानं हात केला, तर मी मनलं, चाक हलल्यावानी वाटतंय, तू मागनं ये. मग उतरून बघितलं. पाचीच्या पाची नटावर तुमचा ठिपका. मनलं, यांनी बघितलंय म्हंजी चाकाचं न्हाय, रस्त्याचंच आसंल. आन् म्हातारीला बसवून घेतलं."

नवनाथला वाटलं, भुई फाटावी. अकरा वर्षांत त्यानं या बाईला एकच गोष्ट पटवली होती, की ठिपका खोटं बोलत नाही. आणि तिला ती पटली होती.

"चौथं चाक मी आवळलंच न्हवतं," तो म्हणाला.

"आन् ठिपकं?"

"कुंकू हाय ते. आईनं लावलं, बाकीच्यांना बघून. तिला काय ठावं. मी सकाळी वाकून बघितलं, पन बोट लावलं न्हाय. बोट लावलं आसतं तर कळलं आसतं."

रेश्मा चिडली असती, ओरडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. ती उठली आणि चारीत उतरली. उजव्या पुढच्या चाकाच्या नटावर अंगठा घासला, अंगठा बघितला. मग दुसरा नट, मग तिसरा. मागच्या चाकांपाशी गेली आणि तिथंही तसंच केलं. पंधराही नट झाल्यावर तिनं हात साडीला पुसले आणि नवनाथच्या खांद्यावरची पिशवी मागून घेतली. आत पाना आणि जॅक होते.

"गाडीचं मी बघते. वस्तीवरनं माणसं येतील," ती म्हणाली. "तुमी हिला दवाखान्यात न्या. आन् आत्तींना कुंकवाचं सांगू नका. चाक पंचर झालं म्हना."

दोघांनी मिळून निंगव्वाला मोटारसायकलवर बसवलं. धड हातानं तिनं नवनाथचा खांदा घट्ट धरला. कच्च्या वाटेवरून तो पाय टेकत टेकत निघाला. प्रत्येक धक्क्याला म्हातारी कानडीत देवाचं नाव घ्यायची. डांबरी रस्ता लागल्यावर तिला थोडं बरं वाटलं असावं. रेश्मा लई गुणाची पोर हाय, म्हणाली, पडताना माझ्या आंगावर आडवी झाली, न्हायतर मी कुटली वाचते. नवनाथ नुसतं हूं म्हणाला. थोडं पुढं गेल्यावर म्हातारीनं सहज विचारलं,

"ते चाक कुनी बसवलं हुतं रं?"

नवनाथनं पुढं बघत गाडी अजून हळू केली.

"मी," तो म्हणाला.

निंगव्वानं त्याच्या खांद्यावरचा हात काढला आणि मागच्या कॅरियरला धरलं.