घंटा झाली की धुणं

दर रविवारी चर्चची घंटा झाली की आमच्या घरी धुणं सुरू व्हायचं.

मी वॉशिंग मशीन दुरुस्त करते, हे इथे सांगायला हवं. आमच्या घरात उत्तम चालणारं मशीन आहे. पण रविवारी आई त्याच्याकडे बघतही नसे. पहिला टोला पडला की ती धोपटणं घेऊन बसायची आणि उपासना संपेपर्यंत कपडे बडवायची. कपडे संपले तर धुतलेलेच पुन्हा धुवायची. माझा एक निळा शर्ट त्यात शहीद झाला.

तिचं म्हणणं सोपं होतं. बाबा वर्षभर अंथरुणाला खिळून होते. त्याआधी आई चर्चच्या गायनवृंदात पहिल्या रांगेत उभी राहून गायची. त्या वर्षात मंडळीकडून फुलांची चित्रं असलेली कार्डं आली, 'आम्ही प्रार्थना करत आहोत.' इतकी आली की आमचं लंगडं टेबल सरळ झालं. माणूस मात्र एकही आला नाही. बाबा गेले आणि आई चर्चमधून उठली ती उठलीच. गाणंही थांबलं. तिच्याबरोबर मीही उठले. तिला दुःख होतं, मला रविवारची झोप मिळाली.

मग आमच्या भागाची पाण्याची मुख्य पाइपलाइन फुटली. टँकर यायचा, पण प्यायच्या पाण्यापुरता; आंघोळ-धुणं बंद. बघता बघता माणसं एकमेकांशी जरा लांब उभं राहून बोलायला लागली.

चर्चच्या मागे एक विहीर आहे. पाणी मचूळ, प्यायला नको, धुवायला चालेल. एके दिवशी नवे पाळक आमच्या दारात उभे. किडकिडीत माणूस, कान मात्र भरघोस.

"ताई, तुमच्याकडे मशीनं आहेत ना?"

"आहेत. बिघडलेली."

"चालणारी मिळाली तर बरं. लोकांचे कपडे धुवायचे म्हणतोय."

"ठेवणार कुठे?"

"वेदीसमोर. खरं सांगू? सगळ्या चर्चमध्ये जागाच जागा आहे."

आतून आईचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, कार्डं पाठवा. त्यांनीच अंग पुसतील लोक."

पाळकांचे कान लाल झाले. "बरोबर आहे मावशी तुमचं," ते म्हणाले आणि तसेच उभे राहिले. भांडायला आलेल्या माणसाला हाकलता येतं, पटलेल्या माणसाचं काय करायचं? मी हत्यारांची पेटी उचलली. धर्मासाठी नव्हे. नाहीतर पाळकांनी एवढी मशीनं एकाच प्लगला जोडली असती म्हणून.

दुरुस्तीची मशीनं नेली, कमी पडली तसं आमचंही नेलं. पहिल्याच दिवशी प्रश्न आला, कुणाचे कपडे कुठले हे कळणार कसं? चिठ्ठ्या भिजत होत्या. मंडळीची बैठक बसली, सुरुवातीला प्रार्थना, शेवटी प्रार्थना, मध्ये भांडण. अखेर घंटाकाका ओरडले. ते चर्चची घंटा वाजवतात, म्हणून घंटाकाका. आयुष्यभर वाजवून कान गेलेत, त्यामुळे गुपितंही ओरडून सांगतात.

"ज्याचे कपडे त्याच्या जागेवर ठेवा!"

आमच्या चर्चमध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली असते. तसं कुठे लिहिलेलं नाही. पण दुसऱ्याच्या जागी बसून बघा. मूळ मालक शेजारी उभा राहून खोकतो. तुम्ही उठेपर्यंत खोकतो.

पण शेजारपाजारच्यांना जागाच नव्हत्या. पाळकांनी वाटायला सुरुवात केली. "तुमची खांबाजवळची. तुमची पंख्याखालची."

पाववाल्याने संशयाने विचारलं, "कायमची?"

पाळकांना खोटं बोलता येत नाही. विचार करून म्हणाले, "कायमची."

चर्चमध्ये कायमच्या जागा मिळतायत ही बातमी टँकरपेक्षा जोरात पसरली. एका आजींनी तर विचारलं, "माझ्यामागे सुनेच्या नावावर होईल का?"

सांगायचं ते पुढेच आहे. वाळत घालायला आम्ही या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या. दुपारी रंगीत काचांतून ऊन आत आलं आणि चादरींवर पडलं. पाववाल्याचा पिठाने विटलेला अंगरखा जांभळा झाला. कुणाचं तरी दुपटं सोन्याचं झालं. खाली सगळी मशीनं एकदम गरगरत होती आणि बाकं बारीक थरथरत होती, जणू इमारतीचा घसा साफ होत होता. माझ्या हातात पाना होता. तो खाली ठेवावासा वाटला. मी ठेवला.

तेवढ्यात आई आली. आमच्या मशीनबरोबर त्यातली तिची शालही मी नेली होती. ती दारातूनच कडाडली, "कार्टे, माझी शाल!" आणि मग थांबली.

सगळ्या बाकांवर कपड्यांचे ढीग होते. खिडकीजवळच्या दोनच जागा रिकाम्या.

"इथे का नाही ठेवलं काही?"

"ती तुझी जागा, वहिनी," घंटाकाका ओरडले. "शेजारची दादांची. कुणी बसत नाही तिथे."

आई म्हणाली, "मग तेव्हा का नाही आलात, भावजी?"

ती हळू बोलली होती. त्यांना ऐकू गेलं.

"पहिल्या आठवड्यात जमलं नाही," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा हळू. "मग उशीर झाला म्हणून लाज वाटली. मग लाजेने आणखी उशीर झाला."

आई उत्तर देणार होती. पण त्यांनी पाठीमागे धरलेली पिशवी तिला दिसली. घट्ट गाठ मारलेली. काका सगळ्यांचे कपडे मशीनात घालत होते, ती मात्र सोडत नव्हते. आईने ती ओढून घेतली आणि गाठ सोडली. त्या वासाची ओळख आम्हा दोघींना करून द्यायची गरज नव्हती. आजाऱ्याच्या चादरी.

"काकू?"

"पडल्यापासून उठतच नाही."

"कार्डं आली?"

काकांनी मान खाली घातली. "आली."

आईने चादरी स्वतः मशीनात टाकल्या. मला म्हणाली, "गरम पाणी. दोनदा." आणि वेदीकडे न बघता निघून गेली. शाल विसरली.

त्या रविवारी नळाला पाणी आलं. आई बादली भरून, धोपटणं मांडीवर घेऊन बसली. घंटेची वाट बघत.

घंटा झालीच नाही.

तिने धोपटणं खाली ठेवलं. उचललं. पुन्हा ठेवलं. "का वाजवत नाहीत गं?" म्हणाली. वैऱ्याची घंटा नाही झाली म्हणून एवढं कासावीस झालेलं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. ओल्या पायांनीच ती निघाली, मी मागे.

चर्च तुडुंब भरलं होतं. आलो नाही तर जागा जाईल या धास्तीने सगळे आले होते. पाववाला कुणाच्या तरी शेजारी उभा राहून खोकत होता. अगदी जुन्या सभासदासारखा.

"घंटाकाका आले नाहीत," पाळक म्हणाले. "काकूंना बरं नाही. मी आत्ता निघतच..."

आई खिडकीपाशी गेली. तिच्या जागेवर काकूंच्या धुतलेल्या चादरी घडी करून ठेवल्या होत्या. तिने त्या उचलल्या.

"हिला घंटेवर पाठवा. मी काकूंकडे जाते."

"आणि मावशी, उपासना?"

"तुम्ही इथे करा. मी तिकडे करते."

मी मनोऱ्यात चढले आणि दोराला लोंबकळले. मी खाली जायची तेव्हा घंटा वाजायची, मग ती मला वर न्यायची. वर गेले की झरोक्यातून रस्ता दिसायचा. पहिल्यांदा दिसली आई, छातीशी पांढऱ्या चादरी, समोरच्या घंटाकाकांच्या घराकडे चाललेली. दुसऱ्यांदा तिच्यामागे पाववाला, हातात दोन बादल्या. तिसऱ्यांदा सुनेच्या नावावर जागा करणाऱ्या आजी, आणि सून. चौथ्यांदा बाकीचे. कायमच्या जागा सोडून.

मग त्या घराची खिडकी उघडली आणि टोल्यांच्या मधूनमधून काहीतरी ऐकू आलं. चादर बदलताना माणसाला दुखू नये म्हणून आई बाबांना गाऊन दाखवायची, तेच.

मला ते नीट ऐकायचं होतं. घंटा थांबत नव्हती. शेवटी मी दोर सोडला, वर चढून दोन्ही हातांनी तिला घट्ट मिठी मारली आणि ती शांत होईपर्यंत तशीच राहिले. ती माझ्या बरगड्यांमध्ये थरथरत राहिली, आणि समोरून आई गात होती.