शेपटीवाले शब्द

सात वर्षं एकाच प्रबंधामागे धावून अलकाला आता त्याचा वीट आला होता. विषय इटालियन प्रत्ययांचा. 'कासा' म्हणजे घर. त्याला एक शेपूट लावलं की 'कासेत्ता', छोटंसं घर, आणि दुसरं लावलं की 'कासाच्चा', कळकट घर. 'इनो' हे शेपूट लॅटिनमध्ये नुसतं 'अमक्याचं' एवढंच सांगायचं, पुढे ते 'लहानसं' सांगू लागलं आणि मग 'लाडकं'. हा इतिहास लिहून झाला होता. राहिलं होतं शेवटचं प्रकरण, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची बोलती भाषा. त्याला रेकॉर्डिंगच हवं होतं, ऐकीव टिपणं चालणार नव्हती. सप्टेंबरात ते दिलं नाही तर युनिव्हर्सिटी तिचं नाव यादीतून काढून टाकणार होती.

म्हणून ती हॅरोहून गाड्या बदलत बेडफर्डला फिलोमेनाबाईंकडे जायची. नवऱ्याला वीटभट्टीत काम मिळालं म्हणून बाई तरुणपणी इटलीहून इथे इंग्लंडात आलेल्या. शेजारी सांगायचे, बाईंच्या बोलण्यात अशा शब्दांची नुसती लयलूट असते. अलकासमोर मात्र एक शेपूट बाहेर येईल तर शपथ!

चूक अलकाचीच. पहिल्या भेटीत एवढी वयस्क बाई दिसल्यावर ती सवयीने वाकली आणि चक्क पाया पडली. बाई हबकल्या. तेव्हापासून अलका येणार म्हटलं की त्या मोत्यांची माळ घालून ताठ बसत आणि चर्चमधल्या पाद्र्याशी बोलावं तसं तोलूनमापून बोलत.

"अगं, नॉर्मल बोला म्हणून सांग ना त्यांना," तिचा नवरा मिलिंद म्हणाला.

"सांगितलं रे. अजूनच कॉन्शस झाल्या. आता या शनिवारी लास्ट चान्स."

त्या शनिवारी गाडी रद्द झाली, बदली बस रखडली. पोचेपर्यंत अलकाच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. बाई कॉफी करायला आत गेल्या. तिने रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि बटण दाबायच्या आतच खुर्चीत तिचा डोळा लागला.

अंगावर शाल पडली तशी जाग आली, पण डोळे उघडवेनात. बाई वाकून पुटपुटत होत्या. "पोवेरिना," बिच्चारी गं पोर. गार हात चोळत "मानीने," इवले इवले हात. मग "पिएदीनी," इवलीशी पावलं. बेचाळिशीतल्या बाईच्या सात नंबरच्या बुटांतल्या पावलांना! शेवटचं प्रकरण आपल्या पायांनी चालत आलं होतं.

रेकॉर्डर हाताशीच होता. पण आपण हललो की बाई ताठ होणार, हे अलकाला पक्कं ठाऊक होतं. एकदा बटण दाबलं की झालं, आधीचं गेलं तरी पुढचं मिळेल, असं तिने स्वतःला बजावलं. पण हात बाईंच्या हातात होता. आई गेल्यापासून असं कुणी तिचे हात धरले नव्हते. काढू देत नाव, तिच्या मनात आलं, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

बाईंनी ते बोटाने टिपलं आणि त्यासाठीही एक शेपटीवाला शब्द काढला, जो अलकाच्या सात वर्षांत कुठल्याच पुस्तकात आला नव्हता.