संत्र्यांची वाट

मानसिंग जाधव चहाचे दोन पेले सांभाळत नेरूळच्या खाडीकाठी परतला, तेव्हा खुंट जागेवर होता आणि होडी नव्हती.

सकाळी त्याने स्वहस्ते दोराचा फास खुंटात अडकवला होता. कृष्णाकाठच्या त्याच्या गावी बैल असाच बांधतात. परंतु कृष्णेला भरती येत नाही. इथे दुपारी पाणी चढले, होडीसह फासही चढला आणि खुंटाच्या टोकावरून निसटला. आता ओहोटी लागली होती. मानसिंग टपरीवर अर्धा तास बोलत बसला होता.

होडी शंभर हात दूर गेली होती आणि तीत त्याची मुलगी मोनाली एकटी उभी होती. कॉलेजच्या प्रकल्पासाठी ती प्रवाहाचा वेग मोजत असे. दर अर्ध्या तासाने एक संत्रे पाण्यात सोडायचे आणि दोन बांबूंमधले अंतर ते किती वेळात कापते हे वहीत लिहायचे. पोरीने एकटीने वल्हवू नये म्हणून वल्ही काठावर काढून ठेवली होती, तीही मानसिंगनेच.

"गोटीरामदादा!" तो ओरडला.

होडीचा मालक गोटीराम बांधावर जाळे विणत होता. त्याने पाहिले, आणि सुई त्याच्या हातातून गळाली. "आमचा पोर मिथुन इंजिनाची होडी घेऊन लांब गेलाय," तो पुटपुटला.

"पर लाटा तर आपल्याकडंच येत्यात की. आणतील तिला."

"लाट कुनाला आनत नाय, मानसिंगराव. उचलते, ठेवते, आपली पुढं जाते. नेते ती खालची ओढ."

मानसिंगने पाहिले. समुद्राकडून येणारी प्रत्येक लाट होडीला आदराने उचलून पुन्हा खाली ठेवीत त्याच्या पायांपाशी येऊन विरत होती, आणि होडी मात्र समुद्राकडे सरकत होती. ज्या जलाला त्याने सकाळी हात जोडले होते, ते किती निःशब्दपणे बलवान आहे हे त्याला आता उमगले.

फोन वाजला. "आप्पा, पोहत येऊ का? मला येतंय पोहायला."

'ये' हा शब्द त्याच्या ओठांवर आला. सुट्टीत कृष्णेच्या डोहात त्यानेच तिला पोहायला शिकवले होते.

गोटीरामने त्याचे मनगट धरले. "नको सांगू! कडंला छातीभर चिखल हाय. पाय धरला का सोडत नाय."

"मग काय बघत बसू?"

"तिची संत्री कुठं जातान, ठाव हाय? दोन दिस आमची घरवाली गोजरा मिठागराच्या उघाडीच्या, पानी सोडायच्या दाराच्या, पायऱ्यांवर वेचते हाय. मला इचारते, पोरीचं कालेज हाय का फळांचा धंदा! वळनावर धार त्याच काठाला घासते. होडीबी तिथंच जाईल. पन..."

"पण काय?"

"संत्रं पान्यात बुडून चालतं, त्याला वारा धरत नाय. पोर उभी हाय. वळनावर वारा आडवा लागतो, तो होडीला मधल्या धारेत लोटंल. मंग मोठी खाडी. तिला आडवी व्हायला सांग."

मानसिंगने फोन तोंडाशी धरला. "मोने, उडी मारू नको. होडीच्या तळाला आडवी हो. मी सांगंस्तवर उठू नको."

"आप्पा, मग तुम्ही दिसणार नाही."

"नाही दिसणार. फोन चालू ठेव."

ती आडवी झाली, आणि होडी पाहणाऱ्याला रिकामी दिसू लागली. एवढे भयंकर दृश्य त्याने आयुष्यात पाहिले नव्हते.

दोघे बांधावरून धावले. गोटीराम धावता धावता आपल्या फोनवर ओरडत होता, "गोजरा, संत्री ऱ्हाऊ दे, आकडीचा बांबू घे!" खारफुटीने पाणी झाकले. मानसिंगच्या कानाशी आता केवळ फळ्यांवर आपटणारे पाणी आणि मुलीचा श्वास होता. मध्येच वाऱ्याचा मोठा घोंघाट आला आणि श्वास ऐकू येईना.

"मोनाली? ए मोने?"

तरीही 'ऊठ' हा शब्द त्याने दातांत दाबून धरला.

दोघे पोहोचले तेव्हा उघाडीच्या दगडी पायऱ्यांवर गोजरा गुडघाभर पाण्यात उभी होती. वळणावरून रिकामी होडी आली. वाऱ्याने तिचे नाक मध्याकडे वळवले. धारेने ते पुन्हा काठाकडे ओढले. पायऱ्यांपासून वीस हात, बारा हात. गोजराने कमरेतून वाकून बांबू फेकला. आकडी होडीच्या कडेला घासून निसटली. दुसऱ्यांदा ती दोरात अडकली.

"आता ऊठ गं पोरी!" गोजरा म्हणाली.

तळातून हळूच एक हात वर आला आणि त्याने होडीची कड धरली.

गोटीरामने होडी ओढून घेतली आणि दोराला दोन वेढे देऊन गाठ मारली. मोनाली पायरीवर उतरली, वडिलांना बिलगली. "फोन तळाच्या पाण्यात पडला, आप्पा. तुम्ही उठू नको म्हणाला होता, म्हणून तशीच पडून राहिले."

थोड्या वेळाने गोजरा त्याच्याजवळ आली. "भाऊ, होडी बांधलीय. सोडा आता."

तेव्हा त्याने खाली पाहिले. दोराचे उरलेले टोक त्याच्या मुठीत होते. ते त्याने केव्हा धरले हे त्याला आठवेना, आणि ते सोडायला बोटे तयार नव्हती.