कड्यातले मानलेले बाबा

आमच्या गावच्या कड्यात कोरलेले बुद्ध माझे मानलेले बाबा. सहा महिन्यांची असताना मी मरायला टेकले होते. तेव्हा खऱ्या बाबांनी मला या बुद्धांच्या पायाशी ठेवलं, लाल कापड वाहिलं आणि माझ्या नावात ‘शी’, म्हणजे दगड, घातला. शी-यिंग. दगडाची पोर मरत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. मी मेले नाहीच. उलट यंदा तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले.

खरे बाबा दूर निंगबोला, बंदरावर काम करतात. मी काकूकडे असते. नव्या वर्षाच्या सणाला ते येणार कळल्यावर मी भाषणच तयार केलं: बाबा, मला तिकडच्या शाळेत न्या. आरशासमोर म्हटलं, म्हशीसमोर म्हटलं. म्हशीनं लगेच मान डोलावली.

“बापासमोर अडखळलीस तर?” काकूनं विचारलं.

“मी? आणि अडखळेन?”

“मग वर कड्याशी बोल. दगडाच्या बाबांपुढे कुणी खोटं बोलत नाही. तुझा बापसुद्धा.”

बाबा गाडीतून आले. मागच्या सीटवर त्यांची नवी बायको, लिऊ मावशी, आणि तिच्या मांडीवर खोकणारं बाळ. बाबांच्या पिशवीत कोरं लाल कापड होतं.

“माझं जुनं बदलायला आणलंत?” मी विचारलं.

“याला पायाशी घालायचंय. दवाखाने करून थकलो. तुला लाभले होते ना ते.”

“ते बाप दोघांना पुरतील,” काकू म्हणाली. “सगळेच पुरत नाहीत.”

मावशीला दम लागला म्हणून चढताना बाळाला मीच घेतलं. त्यानं माझी वेणी धरली ती सोडेचना.

वर बाबांनी उदबत्त्या लावल्या, बाळाला बुद्धाच्या पायाशी ठेवलं. “बोल आता तूच. पहिली आलीयेस म्हणे.”

“मानलेले बाबा, हा माझा भाऊ,” मी म्हटलं. “माझ्यासारखंच यालाही जगवा.” आणि थांबलेच नाही. खऱ्या बाबांकडे वळले आणि सगळं भाषण म्हटलं, एक शब्द न चुकता. शेवटी विचारलं, “न्याल ना मला?”

बाबांनी बुद्धाकडे पाहिलं. मग छान जळत असलेल्या उदबत्त्या उपटून पुन्हा पेटवायला लागले. मावशी बाळाचं टोपडं सारखं करत राहिली.

“पोरगी काहीतरी विचारतेय,” काकू म्हणाली.

“ऐकलं मी.”



खाली आल्यावर, मावशी बाळाला घेऊन गाडीत बसल्यावर, बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “पुढच्या वर्षी नेतो तुला. नक्की.”

“मग चला परत वर,” मी म्हटलं. “तिथे म्हणा.”

बाबांनी गाडी चालू केली.