नत्थूजींची फिल्म आणि माझा दमलेला पंप

मित्रांनो, संगणकाच्या पोटात राहून त्याचा ताप उतरवणारा मी एक लिक्विड कूलर. आता जुना झालो.

सहा वर्षांपूर्वी मयुराने मला सीताबर्डीच्या बाजारातून आणले. माझ्या नळ्यांत कायमचे बंद केलेले पाणी होते. छोटा पंप ते फिरवी. प्रोसेसरची उष्णता पाण्याबरोबर रेडिएटरच्या जाळीत जाई आणि पंखे ती बाहेर फेकत. नागपूरच्या मे महिन्यातही संगणक शांत चाले. मयुरा लग्नांच्या फिल्म जोडून घर चालवी. "माझा कूलर लाखात एक आहे," असे ती सांगे, तेव्हा मी सुखावत असे.

तिचे वडील नत्थूजी विणकर. घरचा हातमाग कधीच विकला गेला होता. काचबिंदूने त्यांची नजर उतरू लागली, तेव्हा मयुराने त्यांना उमरेडला एका नातलगाच्या हातमागावर बसवून चित्रण केले.

"मी कसा विणत होतो, ते एकदा मले पाहू दे वं," ते म्हणाले. "घाई कर. डाव्या डोयानं तं काहीच दिसत नाही आता."

पण तोवर माझे पाणी वर्षानुवर्षे थोडे थोडे उडून गेले होते. पंप गुरगुरू लागला होता. लग्नाची लहान कामे कशीबशी होत. बाबांची मोठी फिल्म जोडायला घेतली की प्रोसेसर तापे आणि संगणक फटकन बंद पडे.

"काहून बंद पडून राहिलं वं?" नत्थूजी विचारत.

"धूळ असन, बाबा. रविवारी पाहीन."

तिने धूळ झाडली, पंखे बदलले. माझी गुरगुर तिला ऐकू जात नव्हती. तिच्या कानांवर हेडफोन असत. असे दोन महिने गेले.

शेवटी दुरुस्तीवाला चंदन आला. त्याने माझ्या रेडिएटरला हात लावला.

"प्रोसेसर उकळून राहिला अन् हे थंडगार. म्हणजे पाणी फिरतच नाही, ताई. पंप मेल्यात जमा आहे. याच्यात पाणी भरता येत नाही, बदलावाच लागते."

"मंग असाच दुसरा आणू?"

"तुमच्या प्रोसेसरले हवेचा मोठा कूलर पुरते. त्याच्यात पाणी नाही, पंप नाही. पंखा बिघडला तं तेवढाच बदलायचा. फक्त कॅबिनेटची रुंदी मोजून घ्या, नाही तं झाकण लागत नाही."

दुसऱ्या दिवशी नवा कूलर बसला. मला टेबलाच्या कडेला ठेवले. दुपारपर्यंत फिल्म तयार झाली, एकदाही न अडता. मयुराने बाबांना पडद्यासमोर बसवले. मागावरचा धोटा धावू लागला.

नत्थूजी पुढे झुकले. आणखी पुढे. मग हळूच मागे सरले.

"उजेड दिसून राहिला, पोरी. बस, उजेडच."

मयुराने तोंडावर ओढणी दाबली.

"माहे हात कुठं हायेत, ते तं सांग."

तिने त्यांचे बोट पडद्यावर टेकवले आणि धोट्याबरोबर ते इकडून तिकडे नेत राहिली. दोन महिन्यांपूर्वी त्यांना दिसत होते.

मित्रांनो, यंत्र म्हातारे होते, यात कुणाचा दोष नाही. पण त्याचा आवाज बदलला, ताप वाढू लागला, तर रविवारची वाट पाहू नका. आम्हाला खुशाल काढून टाका. आमच्या जागी दुसरा मिळतो. वाट पाहणाऱ्या माणसाला दुसरा वेळ मिळेलच असे नाही.