सतरा नंबरचा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना पितळी बिल्ला आहे, स्कूबा डायव्हिंगच्या बोटीवरचा. एका मोडक्या दिव्याच्या पितळेतून माझे सोळा भाऊ कापले गेले. थोडा पत्रा उरला, त्याचा मी सतरावा झालो.

आमचं काम सोपं आहे. पाण्यात उतरताना प्रत्येकाने आपला बिल्ला फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा आणि वर आल्यावर काढायचा. फळीवर एकही बिल्ला असेपर्यंत बोट जागची हलत नाही. या कामासाठी पूर्वी आमची फार वाहवा व्हायची. मालकीणबाई आम्हाला चिंचेने घासायच्या. पुढे माझ्यावरून चिंचेचा हात फिरणं बंद झालं, कारण समुद्राखाली माणसं जोडीने जातात आणि जोडीला बिल्ले दोन लागतात; सतरावा मी बिनजोडीचा उरलो. मी वर्षानुवर्षं खोक्याच्या तळाशी हिरवा पडत राहिलो. पंधरा आणि सोळा मात्र फळीवर एकमेकांशी किणकिणत बसायचे. त्यांना बघून माझा नुसता जळफळाट व्हायचा. पंधरा हरवावा, असंही मला वाटे.

आणि एकदा पंधराची कडी तुटली. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

त्याच आठवड्यात दातांची एक डॉक्टर आली. आमचा समुद्र तिला अनोळखी, म्हणून तिने महिनाभर आधीच कळवलं होतं : गाइड घाई करणारा नको, जोडीदार माझ्याइतकीच नवखी हवी. मालकीणबाईंनी गाइड म्हणून बोटीवरच्या शांत, मुरलेल्या काकांना नेमलं आणि जोडीला एक एकटीच आलेली शिवणकाम करणारी बाई शोधली. बाईला सोळा मिळाला, डॉक्टरला मी. शेवटी मी सोळाच्या शेजारी लागलो. तासभर ऐटीत किणकिणलो.

दोघी वर आल्या. डॉक्टरला धाप लागली होती.

"तुम्ही बसा हो, तुमचा बिल्ला मीच काढते," बाई म्हणाली.

तिने आम्हा दोघांना एकाच मुठीत घेतलं. याहून मला काय हवं होतं? तेवढ्यात डॉक्टरच्या पायातून निसटलेला फ्लिपर शिडीपाशी तरंगताना दिसला. तो आणायला ती कुणाला न सांगता परत पाण्यात उतरली. फळी रिकामी होती. चालकाने ती पाहिली आणि इंजिन सुरू करायला किल्लीला हात घातला. खाली इंजिनाचा पंखा, पंख्याजवळ शिडी. मी सोळाला चिकटून होतो, आणि मला तोंड नव्हतं.

काका हात पसरून बिल्ले गोळा करत आले. बाईने दोन्ही पुढे केले. त्यांनी सोळा तेवढा घेतला.

"हा कुणाचा?"

"डॉक्टरांचा. त्या इथेच तर बसल्यात."

"मग त्यांनाच देऊ दे."

बाई वळली. बाक रिकामा होता.

"किल्ली सोड!" काका ओरडले.

डॉक्टर फ्लिपर घेऊन शिडीवर दिसेपर्यंत काकांनी मला पुन्हा खिळ्याला अडकवून ठेवलं. बाई शिडीशी उभी राहून रडत होती. डॉक्टर वर आली, ओल्या हाताने तिने मला स्वतः काढलं आणि मग बाईला जवळ घेतलं.

मित्रांनो, सोळाचा हेवा मला आजही वाटतो, खोटं कशाला सांगू? तरी कुणी कितीही मायेने म्हणालं तरी आपला बिल्ला दुसऱ्याला काढू देऊ नका. तुम्ही वर येईपर्यंत मला फळीवर एकट्यालाच राहू द्या.